बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचा माग कुठून काढायचा?

तुम्ही लिहिलंय त्याचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यालाही लागेल. घर केज तालुक्यातलं. पणजोबा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकात, गेले आणि परतलेच नाहीत, असं आजोबा सांगायचे. घरात एक पदक आहे. एक उर्दू कागद आहे, त्यावर १३३७ एवढाच आकडा तुम्हाला लागतो. पणजीला दर काही महिन्यांनी ‘कलदार’ यायचे, ही आत्याची आठवण. आणि आपण मूळचे नगरकडचे, असं जुनी माणसं म्हणत. यावरून पणजोबांची पलटण शोधायची आहे आणि जमलं तर त्यांच्याही मागच्या पिढ्या.

तुमच्या हाती बरंच आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत यातली एकही वस्तू उरलेली नसते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला जे कागद सहज मिळतात, ते आपल्याला तसे मिळत नाहीत. वेगळ्या दप्तरात, वेगळ्या लिपीत आणि वेगळ्या सनात शोधावं लागतं. पण सापडतात.

शोधताना एक गोष्ट मनाशी पक्की धरा. साधा माणूस कागदावर येतो तो देण्याघेण्यापायी. जमिनीचा सारा, वतनाचा हक्क, पलटणीचा पगार, विधवेची पेन्शन, तीर्थाच्या उपाध्यायाची दक्षिणा. त्यामुळे ‘आमच्या घराण्याचा इतिहास कुठे मिळेल’ असं विचारत फिरलात तर हाती काही लागणार नाही. ‘पणजोबांचं कुणाकडे काय येणं होतं आणि कुणाला काय देणं होतं’ असं विचारा. प्रत्येक उत्तराला एक कचेरी आणि एक वही सापडते.

पदकापासून सुरुवात करा. ते घासू नका. चिंच, राख, पावडर काही लावू नका. पदकाच्या तोंडावर नव्हे, कडेवर बघा. इंग्रजांच्या हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, फौजेतल्या माणसांच्या पदकांच्या कडेवर नाव ठसवून देत असत. अक्षरं बारीक आणि उथळ असतात, झिजलेलीही असतात. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरून, पदक हळूहळू फिरवत मोबाइलने फोटो काढा. क्रम बहुधा असा असतो: आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, मग पलटण. हुद्द्याच्या जागी सेपॉय असेल तर पायदळ, सोवार असेल तर घोडदळ, ड्रायव्हर असेल तर बहुतेक खेचरांच्या गाड्या किंवा तोफखाना. यातला नंबर नावापेक्षा मोलाचा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग लिहिणाऱ्या कारकुनाच्या कानावर अवलंबून असे, नंबर तसा बदलत नाही.

पदक कोणतं तेही बघा. एका बाजूला पाचव्या जॉर्जचा चेहरा आणि दुसरीकडे घोड्यावर बसलेला उघडा पुरुष असेल, तर ते ब्रिटिश वॉर मेडल, १९१४ ते १९१८ च्या युद्धाचं. हे साधारणपणे चांदीचं असतं. तेच पदक काशाचं असेल तर पणजोबा लढाऊ शिपाई नसून लेबर कोअरमध्ये, म्हणजे फौजेच्या मजूर तुकड्यांत, किंवा पलटणीबरोबरच्या कामकरी माणसांत असण्याची शक्यता मोठी, कारण त्यांना काशाचं दिलं जाई. यात कमीपणा मानू नका. मेसोपोटेमियात, म्हणजे त्याच इराकात, रस्ते, रेल्वे, धक्के आणि दवाखाने याच माणसांनी चालवले आणि रोगराईत तीही मोठ्या संख्येने गेली. पंखवाली देवी असेल तर व्हिक्टरी मेडल. आणि सिंह किंवा हिंदुस्थानचा नकाशा असेल तर ते दुसऱ्या महायुद्धाचं. मग ते पणजोबांचं नाही, पुढच्या पिढीतल्या कुणाचं तरी. घरोघरी दोन युद्धांच्या आठवणी अशा एकमेकींत मिसळलेल्या असतात.

आता कलदार. आत्याची ही आठवण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. निजामाच्या राज्यात व्यवहार चालायचा तो हाली सिक्क्यात. कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया, हालीपेक्षा थोडा चढा. पणजीला कलदार येत असतील तर पैसे निजाम सरकारकडून नव्हे, इंग्रज सरकारच्या खात्यातून येत होते असं मानायला जागा आहे. म्हणजे पणजोबा निजामाच्या स्वतःच्या फौजेत नसावेत. हा पुरावा नाही, पण कोणतं दार आधी ठोठवायचं ते यातून कळतं.

दारं तीन आहेत.

पहिलं, इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या पलटणी. मराठा पलटणी १९१४ मध्ये १०३, ११०, ११४, ११७ अशा क्रमांकांनी ओळखल्या जात. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींची माणसं मेसोपोटेमियातल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकली होती. २९ एप्रिल १९१६ ला तिथली फौज शरण गेली आणि कैद झालेल्या शिपायांतले कितीतरी पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि रेल्वेच्या कामावर मेले. १९२२ मध्ये या पलटणी एकत्र येऊन पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. तिचं केंद्र बेळगावला. महार समाजाची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली होती, १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची, तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला.

दुसरं दार हैदराबाद कंटिन्जंटचं. केजच्या माणसाने ते विसरूच नये, कारण तुमच्या शेजारचं अंबाजोगाई, म्हणजे निजामी कागदांतलं मोमिनाबाद, हा त्या फौजेच्या घोडदळाचा तळ होता. हिंगोली आणि औरंगाबादलाही छावण्या होत्या. खर्च निजामाचा, अंमलदार इंग्रज, अशी ही फौज. १८५३ च्या तहात वऱ्हाड इंग्रजांकडे गेला तो तिच्याच खर्चापायी. १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदी फौजेत विरलं. पायदळाला ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले, १९२२ मध्ये त्याची एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये नाव पडलं कुमाऊं रेजिमेंट. हिंगोलीच्या छावणीतल्या शिपायाचा वारसा आज असा उत्तराखंडात राणीखेतला जाऊन बसलाय आणि मराठवाड्यातली घरं त्याला हैदराबादेत शोधत राहतात. घोडदळातून डेक्कन हॉर्स निघालं. विसावं डेक्कन हॉर्स फ्रान्सला गेलं, १४ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत हाय वूडवर त्याने घोड्यांवरून चाल केली. पदकावर हे नाव निघालं तर बसरा विसरा, फ्रान्समध्ये शोधा. घरच्या सांगण्यातलं गावाचं नाव जसंच्या तसं धरून चालत नाही.

तिसरं दार निजामाच्या स्वतःच्या फौजेचं. तिच्यातलं इम्पीरियल सर्व्हिस लान्सर्स हे घोडदळ पहिल्या महायुद्धात इजिप्त-पॅलेस्टाइनला होतं. दिल्लीतल्या तीन मूर्तींपैकी एक हैदराबादची आहे ती त्याचसाठी. या फौजेचे आणि निजामी राज्यकारभाराचे कागद हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत. कलदारांमुळे तुमच्या बाबतीत हे दार शेवटी ठेवा.

पणजोबा युद्धात वारले असतील तर घरबसल्या करायचं पहिलं काम म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरचा शोध. तो फुकट आहे. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात नोकरीत असताना वारलेल्यांची नोंद तिथे आहे, मग मृत्यू गोळीने असो की पटकीने. पण नाव टाकून शोधत बसू नका. एकाच नावाचे ढीगभर निघतील आणि आपला मात्र भलत्याच स्पेलिंगखाली असेल. नोंदीत ‘अमुकचा मुलगा, तमुकचा नवरा, गाव, तालुका, जिल्हा’ अशी जादा माहिती पुष्कळदा असते. त्या रकान्यात गावाचं नाव टाका, वेगवेगळी स्पेलिंगं करून टाका. बीडचं त्या काळचं इंग्रजी स्पेलिंग बघून घ्या, ते ‘भीर’ असं वाचलं जातं. राज्याच्या जागी कधी हैदराबाद, कधी डेक्कन. आजचा तालुका तेव्हाही तोच होता असं धरू नका, मोमिनाबादही टाकून बघा.

बसरा मेमोरियलवर ४० हजारांहून अधिक माणसांची स्मृती आहे. त्यात हिंदी अंमलदारांची नावं फलकांवर कोरली गेली आणि साध्या शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या लिहिली गेली. नावं वहीत राहिली. हा अन्याय होता आणि कमिशननेही २०२१ मध्ये ते उघड कबूल केलं. म्हणून स्मारकाच्या फलकांचे फोटो चाळत बसण्यात अर्थ नाही, संकेतस्थळाचा कोशच बघा.

नंबर आणि पलटण हाती आली की त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. बेळगाव, सागर, राणीखेत, घोडदळासाठी अहिल्यानगर, सॅपर्ससाठी, म्हणजे फौजेच्या बांधकामवाल्या पलटणींसाठी, खडकी. पत्रात नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, गाव आणि तुमचं नातं एवढंच लिहा, पदकाच्या कडेचा फोटो जोडा. शिपायाची शीट रोल मिळाली तर सोनं. त्यात वडिलांचं नाव, जात, गाव, उंची, अंगावरच्या खुणा, सगळं असतं. मात्र पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांच्या शीट रोल फारशा उरलेल्या नाहीत, तेव्हा तिच्यावर भिस्त ठेवू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या माणसासाठी गोष्ट वेगळी. तिथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या पेन्शनच्या फायलीसुद्धा कामाला येतात.

आणि पणजीचे कागद शोधा. घरोघरच्या वंशावळीत बाप, बेटा, नातू असे पुरुषच लिहिलेले असतात. चार-चार पिढ्या सांगणाऱ्या माणसाला आजीचं माहेरचं आडनाव माहीत नसतं. पण पेन्शनच्या कागदावर विधवेचं नाव, वय, अंगठा, शरीरावरची खूण असते, कारण पैसे तिच्या हातात द्यायचे असत. ट्रंकेच्या तळाशी, देवघराच्या फळीवर, जुन्या पोथीच्या बस्त्यात एखादं पेन्शनचं पुस्तक असेल तर पदकाइतकंच ते जपा.

आता उर्दू कागद. १३३७ हा आकडा फसली सनाचा की हिजरीचा, यावर सगळं अवलंबून आहे. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. तेव्हा १३३७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९२७ ते ऑक्टोबर १९२८. पण १३३७ हिजरी म्हणजे ऑक्टोबर १९१८ ते सप्टेंबर १९१९. नऊ वर्षांचं अंतर, आणि तुमच्या घरासाठी ते लहान नाही. हिजरी असेल तर कागद युद्ध संपता संपताचा, पणजोबांच्या मृत्यूनंतर लगेच झालेल्या वारस चौकशीचाही असू शकेल. फसली असेल तर आजोबा हाताशी आल्यावर जमीन त्यांच्या नावावर झाली, असं काही असेल. ओळखायचं कसं? आकड्याच्या शेवटी ‘फे’ अक्षराची खूण असेल तर फसली, ‘हे’ असेल तर हिजरी. खूण पुसली असेल तर महिना वाचून घ्या. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, तीर, अमरदाद, शहरेवर, आबान यांपैकी असेल तर फसली. मोहरम, सफर, रजब, शाबान असेल तर हिजरी. महसुली कागद असेल तर फसलीची शक्यता अधिक.

वाचून घ्यायला जुनं दस्तऐवजी उर्दू येणारा माणूस गाठा. छापील उर्दू वाचणाऱ्याला हे वळण लागतंच असं नाही. मुस्लिम मोहल्ल्यातले जुने शिक्षक, वकिलांकडे काम केलेले कारकून यांना अजून येतं. त्याला सांगा की नावं अक्षर न अक्षर लिहून द्या, अर्थ नंतर बघू. त्यात वलद आला की मुलगा, जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा, मुतबन्ना म्हणजे दत्तक, साकिन म्हणजे राहणार. मुतबन्नाकडे नीट लक्ष द्या. दत्तकामुळे वंशावळीतला बाप आणि जन्मदाता बाप वेगळे पडतात आणि पुढचा सगळा शोध भलत्याच घरात जातो.

मागच्या पिढ्यांसाठी जमिनीच्या कागदांना पर्याय नाही. आजच्या सातबाऱ्यापासून एकेक पायरी मागे जा, मधली गाळू नका. सातबाऱ्यावरच्या फेरफार नंबरांवरून फेरफार काढा. वारसाच्या प्रत्येक फेरफारात एक पिढी असते. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे जुना नंबर कोणता हे आधी मिळवा, नाहीतर रेकॉर्ड रूममधला माणूस हात वर करेल. मग १९५४-५५ ची खासरा पाहणी, म्हणजे शेताशेताची नोंद. निजामी राजवट संपल्यानंतर सर्वत्र झालेली ही पाहणी मराठवाड्यातल्या घरांसाठी दुवा आहे, कारण अलीकडची आणि पलीकडची नावं तिथे भेटतात. त्यामागे भूमी अभिलेखचं सेतवार, म्हणजे जुनी शेतवार नोंदवही, उर्दूतली. १९५१ चं राष्ट्रीय नागरिक रजिस्टर तुमच्या गावचं टिकलं असेल तर त्यात घरटी माणसं आणि वयं मिळतात. पणजी तेव्हा हयात असेल तर तिथे असेल.

गाव खालशातलं, म्हणजे थेट सरकारच्या ताब्यातलं, होतं की जहागिरीतलं, हेही विचारून घ्या. जहागिरी १९४९ मध्ये गेल्या, तोवर पायगा, सालारजंग आणि इतर जहागीरदारांच्या गावांचं दप्तर वेगळं असे. नोंद नाही म्हणून माणूस नव्हता असं होत नाही, वही दुसऱ्या ठिकाणी असते. तुमच्या घरात पाटीलकी, इनाम किंवा देवस्थानची जमीन असेल तर इनाम-वतनांचं काम बघणाऱ्या अतियात विभागाच्या विरासतीच्या, म्हणजे वारसाहक्काच्या, फायली आणि मुंतखब, म्हणजे हक्क कायम केल्याचा कागद, मागा. हक्क कुणाला जावा हे ठरवताना दावेदारांना शजरा, म्हणजे पूर्ण वंशवृक्ष, दाखल करावा लागे. चुलत भावांनी तो एकमेकांवर तपासलेला असतो. म्हणून मला तो घरच्या वंशावळीपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामापासून कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली दप्तरं उघडली गेली. सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. त्या जरूर बघा, पण तो शोध एका ठरावीक नोंदीचा होता. यादीत तुमचे पणजोबा नाहीत यावरून काहीच सिद्ध होत नाही.

‘नगरकडचे’ या आठवणीसाठी वेगळी वाट आहे. कुलदैवत तुळजापूरची भवानी असेल तर त्यावरून काही ठरत नाही, ती निम्म्या मराठवाड्याची आहे. पण लग्नानंतर एखाद्या लांबच्या लहान गावच्या म्हसोबाला किंवा सतीच्या ठाण्याला जायची रीत घरात असेल, तर ते गाव लिहून ठेवा. पैठण, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरला क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळ्या आहेत. तिथे गेल्यावर जात, आडनाव आणि गाव सांगायचं, ज्या घराकडे तुमचा भाग आहे ते वही काढतात. आजचं गाव सांगून नोंद निघाली नाही तर ते लहान गाव सांगून बघा. नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ २०२६-२७ चा आहे, त्या गर्दीत कुणाला वही उघडायला उसंत मिळणार नाही, जायचं तर तो काळ टाळा. वंशावळ सांगणारे भाट आले आणि त्यांनी वही वाचली तर ऐका, लिहून घ्या. पण अलीकडच्या चार पिढ्या जमिनीच्या कागदांशी जुळतात का ते बघूनच वरच्या पिढ्या माना.

त्याहून मागे जायची घाई करू नका, हे कळकळीने सांगतो. उदगीर १७६०, राक्षसभुवन १७६३, खर्डा १७९५ या लढाया आपल्या अंगणातल्या किंवा कुंपणालगतच्या, त्यामुळे दर दुसऱ्या घरात एक शिलेदार असतो. पेशवे दप्तरात पथकांचे हिशेब आहेत. तारनाक्याला तर मुघल काळातले अर्ज-ओ-चेहरा कागद आहेत, स्वाराचं नाव, बापाचं नाव, रंग, चेहऱ्यावरचे व्रण आणि घोड्याची खूण लिहिलेले. ते बघताना अंगावर काटा येतो. पण १८५० पर्यंत अखंड साखळी नसेल तर त्यातलं एखादं आडनाव उचलून आपल्या घराला जोडणं म्हणजे दुसऱ्या कुणाचा पूर्वज पळवणं.

उर्दू कागदाचा फोटो दोन्ही बाजूंनी, उजेडात, सावली न पडू देता काढा. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, घडी तुटत असेल तर पाठीमागून नुसता कोरा कागद ठेवून सपाट फाइलमध्ये घाला. बाकी कचेऱ्यांची कामं पावसाळ्यानंतर केली तरी चालतील. आत्याकडे मात्र याच आठवड्यात जा. पणजोबांबद्दल लगेच विचारू नका, पणजीबद्दल विचारा. तिचं माहेर कोणतं, भाऊ किती, पैसे आणायला ती कुठे जायची, सोबत कोण जायचं. भरती व्हायला माणसं एकटी क्वचित जात, मेहुणे-मेहुणे, साडू-साडू मिळून जात. पणजीच्या माहेरी एखादा पलटणीतला भाऊ निघाला आणि तो परत आलेला असेल, तर त्याच्या घरी पेन्शनचे कागद मिळण्याची आशा तुमच्या घरापेक्षा जास्त आहे, आणि पलटण बहुधा तीच असेल.